जोतीचा वाटा

केरबा वाट्यांकडं पाठ करून बसला. धनगराच्या कळपातलं बकरं मित्रांनी दरवर्षीसारखं मिळून घेतलं होतं, मळ्यातच कापून केळीच्या पानांवर सारखे वाटे मांडले होते. तरी कुणाची कुरकुर नको, म्हणून न बघता नावं पुकारायची कामगिरी केरबाकडं.

"ह्यो कुणाचा?" मागून एकेका वाट्याला हात लागत होता.

"जोतीचा!" केरबा बोलून गेला. जोती तर उन्हाळ्यातच वारला होता. पण मागं कुणी हसलं नाही, की चूक दाखवली नाही.

शेवटी केरबालाच वाटा उरला नाही. "आमच्यातलं घे," सगळे म्हणाले. मानेनंच नको म्हणत त्यानं जोतीचं पान उचललं आणि त्याच्या घराकडं निघाला.

दारातच भाजल्या खोबऱ्याचा वास आला. जोतीची बायको पाट्यावर वाटण वाटत होती. पान बघून तिनं डोळ्याला पदर लावला.

"तुमास्नी धनगराकडं जाताना बघितलं, भावजी, आन् सवयीनं खोबरं भाजाय घेतलं. मग रडूच आलं, तरी हात थांबंना." तिनं पान हातात घेतलं. "आता पोरांसंगं जेवूनच जावा."