सौनातला सराव

रायमो सौनात, घाम काढायच्या तापलेल्या लाकडी खोलीत, शिरला, वरच्या फळीवर बसला. बायकोनं, तूलिक्कीनं, बाहेरून दार लोटून घेतलं.

आणि कानातली शिट्टी. नवी नव्हे, ती असतेच. तुर्कूच्या जहाजकारखान्यातून निवृत्त होताना सोबत आलेली. पण बाहेर रेडिओ असतो, तूलिक्की असते, खाडी असते. इथे काहीच नसतं. म्हणून हिवाळाभर त्यानं सौना टाळला होता.

शिट्टी जाणार नाही, दवाखान्यातल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. तिच्याकडे धावणारं लक्ष मात्र वळवता येईल. त्याचा सराव: हेडफोनमधून बरेच आवाज एकदम येतात, त्यातला एकच धरायचा. निसटला की पुन्हा धरायचा. घरी जमू लागलं होतं. आज इथे जमलं नाही तर सौना कायमचा बंद, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

चुलीतलं लाकूड.

निसटलं.

बादलीत पडणारा थेंब.

निसटला.

पुन्हा लाकूड. धर. धरून ठेव. लाकूड, लाकूड, ला—

दार उघडलं. शेजारचा पेंटी. दर शनिवारी येणारा, दोन शब्द बोलून जाणारा. टॉवेल पसरून तो शेजारी बसला.

"तुझ्या कानाचं विचारायचं नाही, असं तूलिक्कीनं बजावलंय," तो म्हणाला. "म्हणून विचारत नाही."

शिट्टी. आरपार.

रायमो उठला. दारापर्यंत गेला. तिथेच वळला.

"फार उपकार झाले. आता बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मला एक आवाज धरायचाय. थांबू नकोस."

पेंटीनं हवामान सांगितलं. बोटीच्या इंजिनाचा बिघडलेला प्लग सांगितला. मासे यंदा कमी आहेत, हेही सांगून झालं. रायमो खालच्या फळीवर टेकला. शब्द निसटत होते, तो पुन्हा धरत होता. मग पेंटीचे विषय संपले.

"बोल ना रे."

पेंटीनं चुलीत एक लाकूड सारलं. पानगळीत त्याच्या बायकोला पुरलं, तेव्हापासून तिचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नव्हतं.

"बोट पुढून वर उठायला लागली," तो म्हणाला. "इर्मेली पुढे बसायची ना. आता तिच्या जागी धोंडा ठेवतो. मग नीट चालते."

रायमोनं चुलीवरच्या दगडांवर पाणी ओतायला उचललेली पळी तशीच हातात धरली. यातला एकही शब्द निसटला नव्हता.

"केवढा धोंडा?" त्यानं विचारलं.