बाप्तिस्तने आणलेला निरोप

"झील सोडून सगळे देवबागाक येतत!"

बाप्तिस्तने होडीतूनच ओरडून सांगितलं आणि देवबागच्या काठावर बसलेल्या गुरुदास तांडेलाच्या हातातली जाळं विणायची सुई वाळूत पडली. झील म्हणजे मुलगा. गुरुदासला तो एकच होता, सत्यवान, चौदा वर्षांचा. नाताळच्या सुट्टीत शाळेच्या बालवीरांबरोबर तो धामापूरच्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहायला गेला होता. त्याला आज चार दिवस झाले होते.

"कोणाचो झील?" गुरुदासने विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"ता माका खंय ठाऊक?" बाप्तिस्त लाकडं भरून धामापूरजवळच्या काळशाहून खाडीने खाली आला होता. त्याने होडी काठाला लावली. "तेंचो गुरुजी एकटोच धावत काठार इलो. तोंड ह्या एवढा सुजलला. रडलो असतलो. म्हणालो, गुरुदास तांडेलाकच सांग, झील सोडून सगळे देवबागाक येतत. आणि गेलो परत धावत."

बाप्तिस्त माणूस वाईट नव्हता. निरोप जसाच्या तसा पोचवायचा, त्यात पदरचं काही घालायचं नाही, हा त्याचा बाणा होता. निरोप पोचवून झाल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीवर क्रूस केला. ते बघून गुरुदासने घराकडे पाठ केली.

त्याची बायको सुगंधा पहिल्यापासून नको म्हणत होती. चांगलं शाकारलेलं घर सोडून उघड्यावर कित्याक झोपायचं, हे तिचं पहिलं म्हणणं. तळ्यात पोरं बुडतात, हे दुसरं. त्यातून शिबिराचे गुरुजी जबलपूरकडचे, मालवणात येऊन तीन महिने झालेले. त्यांना इथलं पाणी काय कळणार, हे तिसरं. परवानगीचा कागद घेऊन सत्यवान दोन दिवस तिच्या मागेमागे फिरला. शेवटी गुरुदासनेच त्यावर अंगठा उठवला आणि वर मिशीला पीळ देत म्हणाला, "गो, तांडेलाचो झील तळ्यात बुडता काय?"

आता ते बोलणं त्याला आतून खात होतं. समुद्राची कधी भीती वाटली नाही त्याला. वादळात शीड फाटलं तेव्हाही नाही. आज मात्र स्वतःच्या घराचा दरवाजा बघायची हिंमत होईना.

"ओ, लाडू कोणाच्या होडयेन धाडूचे?" सुगंधाने आतूनच विचारलं. शिबिरासाठी ती सकाळपासून लाडू वळत होती.

"धाडतंय," तो कसाबसा म्हणाला आणि खाडीत गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. बाप्तिस्तही निघून गेला नाही. टोपी हातात धरून काठावरच थांबला.

तासाभराने वळणावर पडाव दिसला, माल वाहणारी मोठी होडी. त्यात खाकी कपडे होते, गुंडाळलेले तंबू होते, आणि पोरं चक्क गात होती. गुरुदासच्या डोक्यात तिडीक गेली. एक पोर कमी घेऊन परत येतात आणि वर गाणी म्हणतात? तो पाणी कापत पुढे गेला. गुडघ्याचं पाणी कमरेला आलं. एकेक चेहरा तो नजरेने धुंडाळत होता. निम्म्या पोरांची तोंडं सुजलेली होती. सत्यवानचा चेहरा कुठेच नव्हता.

त्याने पडावाची कड धरली. पुढे गुरुजी बसले होते, एक डोळा मिटलेला, वरचा ओठ केवढा तरी वर आलेला.

"माझो झील खंय?"

गुरुजींचा चेहरा उजळला. इथल्या माणसाच्या तोंडून ओळखीचा शब्द पहिल्यांदाच ऐकत होते ते. हात उंचावून त्यांनी मागे दाखवलं.

"झील? झील तो पीछे रह गई, भाई! जान बची, यही बहुत है।"

गुरुदासने गुरुजींचा गळपट्टा मुठीत धरला आणि दुसरा हात उगारला. गाणं तिथल्या तिथे थांबलं.

"बाबा! सोड तेंका!"

मागच्या तंबूच्या गठ्ठ्यावरून एक पोरगा धडपडत पुढे आला. दोन्ही डोळे सुजून बंद, गालांचे फुगे, कान लालबुंद. तोंड ओळखता येत नव्हतं. आवाज सत्यवानचा होता.

"शेकोटयेच्या धुरान मोहोळ उठला," तो सुजलेल्या ओठांतून सांगू लागला. "थंय रवाचीच सोय नाय. मगे मीच म्हटलंय, आपल्या माडांत तंबू ठोकुया. बाबाक निरोप धाडा."

गुरुदासने उगारलेला हात खाली आणला आणि लेकाच्या चेहऱ्यावर ठेवला. सत्यवान कळवळला. तरी हात निघेना. तांडेल रडत होता, सगळ्या पोरांदेखत, आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

"मगे ह्ये झील, झील काय म्हणतत रे?"

"तेंच्या भाषेत तळ्याक झील म्हणतत, बाबा."

काठावर बाप्तिस्तने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि दुसरीकडेच बघू लागला. गुरुदासने गुरुजींचा गळपट्टा सोडला. चुरगळला होता, तो ओल्या हातांनी नीट सारखा केला.

"सत्या, गुरुजींक सांग," तो म्हणाला, "तेंची झील थंयच रवांदे. माझो झील इलो."