मॅकरोनीचा डबा

उकळत्या पाण्यात रामप्रसादनं मॅकरोनीचा पुडा रिता केला आणि अंगणात चपला वाजल्या.

उंबऱ्यात लसूण सोलत बसलेल्या यशोदाबाईनं मान वर केली. पुढं गावचे पुढारी माणिकराव, मागं त्यांचा माणूस ग्यानोबा आणि आणखी दोघं. तिनं पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "ऊठ रे, चुलीपासून ऊठ. माणिकराव आले."

"आता उठलो तर गाळ होतो याचा, माय."

यशोदाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाणत्या माणसांसमोर तिचा कर्तासवरता लेक चुलीपुढं बसला होता. पुण्यात तो नऊ वर्षं एका हॉटेलात स्वयंपाकी होता. गावात मात्र तिनं सांगून ठेवलं होतं, पोरगं कंपनीत हाय.

हिंगोली जिल्हा होऊन वर्ष झालं होतं. गावचं सरपंचपद बाईला सुटलं. माणिकरावांनी धनगरवाड्यावर येऊन स्वतःच्या हातानं यशोदाबाईच्या सुनेचा, साधनाचा, फॉर्म भरला. गरिबाची सून, सांगू तिथं सही करील, असा हिशेब. ती निवडून आली आणि रामप्रसाद पुणं सोडून घरी आला. कारभार बघायला आला, असं गाव म्हणालं. तो मात्र शेळ्या राखायचा आणि चूल सांभाळायचा.

आज मीटिंग होती. विषय एकच, गायरान माणिकरावांच्या वीटभट्टीला द्यायचं. त्या गायरानावर वाड्यावरच्या अकरा घरांची शेरडं चरत होती. साधना सकाळी चहावरच गेली होती.

"चल बाबा," माणिकराव म्हणाले. "सगळ्या मेंबरांच्या सह्या झाल्या. तुझी बायको तेवढी पेन मिटून बसली. दोन तास झाले, हालत न्हाई. तू येऊन समजाव."

"खुर्ची तिची हाय, काका. मी येऊन काय करू?"

रामप्रसादनं कढईत करडीचं तेल सोडलं. ठेचलेला लसूण टाकला, तो लाल व्हायच्या आत दोन हिरव्या मिरच्या टाकल्या. न्हाणीच्या पाण्यावर परसात टमाटे लालेलाल झाले होते. ते त्यानं तासाभरापूर्वीच तोडून आणले होते. एकेक टमाटा हातानं चुरून त्यानं कढईत सोडला. मग मॅकरोनी चाळणीत उपसली, तिच्याच पाण्याची एक वाटी कढईत ओतली, वर मॅकरोनी घातली आणि कढई दोन्ही हातांनी धरून असा हिसका दिला की सगळं एकदम उलटून पुन्हा जागेवर आलं.

ग्यानोबा खो खो हसला. "आरं, हे बायकांचं काम कवा शिकला रे?"

"नऊ वर्षं पुण्यात हेच केलं. हॉटेलात," रामप्रसाद म्हणाला. "कंपनी-बिंपनी काई नव्हती."

यशोदाबाईनं मान खाली घातली. हातातली पाकळी सोलता सोलेना.

माणिकराव तिच्याकडं वळले. "वहिनी, तुमी तरी शहाण्या व्हा. सुनंला सांगा. बाईमाणसाला कागदातलं काय कळते? सही कर म्हणावं अन् घरी ये."

यशोदाबाईचे हात थांबले.

हेच शब्द तिनं आधी ऐकले होते. बाप वारला तेव्हा भावांनी तिला बोलावून घेतलं होतं. तुला कागदातलं काय कळते, अंगठा दे अन् घरी जा, असं म्हणाले होते. तिनं दिला. कशावर दिला ते विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माहेरी गेली, बापाच्या आंब्याखाली पडलेला एक पाड उचलला, तर भावजय म्हणाली, "विचारून घेत जावा, वन्स." तेव्हा तिला कळलं, अंगठा कशावर उठला होता ते. तिनं पाड होता तिथं ठेवला आणि त्याच दिवशी परत आली.

ती उठली. लुगड्याला हात पुसले.

"झालं का रे?"

"झालं, माय." रामप्रसादनं वरून लसणाची पात आणि कोथिंबीर पेरली.

"डबा भर."

"आता कसं!" माणिकराव खूश झाले. "पोटात चार घास गेले की डोकं ताळ्यावर येते. तुमीच समजावा."

ती फडक्यात बांधलेला डबा घेऊन पुढं चालू लागली, चौघं मागं.

ग्रामपंचायतीची पायरी ती जन्मात चढली नव्हती. आज चढली. आत साधना खुर्चीवर ताठ बसली होती. ओठ सुकले होते. समोर रजिस्टर उघडं होतं, खिडकीत माणसांची दाटी. सासू आलेली बघून तिचा चेहरा पडला. आता हीसुद्धा सही कर म्हणणार.

"या, सासूबाई आल्या!" माणिकराव दारातूनच म्हणाले. "आता मार्गी लागते बघा."

यशोदाबाईनं रजिस्टर मिटलं आणि उचलून बाजूला सारलं. त्या जागी डबा ठेवला, फडकं सोडलं. लसूण-टमाट्याचा वास खोलीभर झाला.

"हे काय हाय?" एका मेंबरानं विचारलं.

"मॅकरोनी. माझ्या पोरानं केली. पुण्याच्या हॉटेलात स्वयंपाकी होता तो," ती खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली.

मग तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि सुनेच्या खुर्चीला लावून बसली. साधना डब्याकडं बघत होती, सासूकडं बघत होती. तो ठराव पुढं कधीच झाला नाही, पण त्या घडीला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यशोदाबाईनं चमचा तिच्या हातात दिला.

"खा निवांत, माय. सही करायचीच न्हाई म्हणल्यावर घाई कशाची?"