जवाची भाकरी

"बोट नीट दाब, वीणा. परवा रक्त कमी आलं आणि पट्टी वाया गेली," परीक्षित म्हणाला.

गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये भरदुपारी तिघं टेबलाभोवती बसली होती. परीक्षित साखर तपासायला हाफ डे घेऊन आला होता. त्याच्या बायकोला, वीणाला, सातवा महिना होता. जेवल्यावर दोन तासांनी साखर एकशेवीसच्या खाली आली नाही, तर शुक्रवारपासून इन्सुलिन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज गुरुवार.

आठवडाभर तिच्या सासूबाई, कुमुदताई, रोज धान्य बदलत होत्या आणि सुनेला सोबत म्हणून स्वतःही तेच खात होत्या. भाताला एकशे त्रेसष्ट आली. पोळीला एकशे अठ्ठेचाळीस. बाजरीला एकशे चौतीस. आज जव. चक्कीवाला म्हणाला होता, "माताजी, ये तो घोड़े का दाना है." त्यांनी समोर उभं राहून दळून घेतलं. तीन भाकऱ्या थापतानाच मोडल्या, चौथी जमली.

परीक्षितने थेंब पट्टीवर घेतला. यंत्र पंचेचाळीसपासून उलटं मोजू लागलं. तिघांची डोकी एकमेकांना टेकली. दहा आल्यावर वीणाने डोळे मिटून घेतले.

"एकशे बारा," परीक्षित म्हणाला. त्याचा आवाज चढला. "आई, एकशे बारा!"

वीणाने सासूबाईंचे दोन्ही हात धरले. कुमुदताई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

"चलो, आता माझी बघ," त्यांनी बोट पुढे केलं. "मीही तेवढंच खाल्लंय."

या वेळी परीक्षित मोठमोठ्याने आकडे मोजत होता. शेवटचा आकडा मात्र त्याने वाचला नाही. वीणाने यंत्र आपल्याकडे वळवलं. दोनशे एकाहत्तर.

"बिघडलं असेल," कुमुदताई म्हणाल्या.

वीणाने कापसाने त्यांचं बोट पुसलं. "उद्या डॉक्टरांकडे दोघी जाऊ, आई. आणि ही भाकरी दोघींनी चालू ठेवायची."

"मला कशाला? मला काय बाळ व्हायचंय?"

"या बिल्डरची लिफ्ट काही इतक्यात चालू होत नाही. बाळाला कडेवर घेऊन चार जिने कोण उतरणार?"

कुमुदताईंनी चष्मा लावून तो आकडा स्वतः वाचला. मग उठून त्यांनी जवाचा डबा उघडला आणि हलवून पाहिला.

"एवढे पुरायचे नाहीत," त्या म्हणाल्या.