रोमला गेलेला कोट

रोममध्ये फ्लीसचं जाकीट आणि स्पोर्ट्स शूज घालून फिरलं की लोक लांबूनच टूरिस्ट ओळखतात, असं ऑफिसमधली इटालियन मैत्रीण म्हणाली. म्हणून मी वॉटफर्डची सगळी दुकानं पालथी घातली आणि एक लांब, बदामी, लोकरीचा कोट घेतला. घरी येऊन मिलिंदला घालून दाखवला, तेव्हा नवरोबांनी लॅपटॉपवरून मानही न उचलता "छान" म्हटलं.

पुढे आमचे व्हिसाच आले नाहीत.

शेजारच्या शर्वरीला व्हिसाची कटकटच नाही. जन्म इथला, पासपोर्ट ब्रिटिश, मराठी तेवढं तोडकंमोडकं. तीही त्याच आठवड्यात रोमला निघाली होती. दारात येऊन गोड आवाजात म्हणाली, "केतकी, तू आता जात नाही ना? मग तुझी कोट मी बॉरो करू, प्लीज?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "अगं, ने की" बाहेर पडलं.

काल ऑर्कुटवर तिचे फोटो आले. कारंज्यासमोर माझा कोट आणि त्याच्या आत ती. खाली लिहिलं होतं, एका बाईने तिला तिथलीच समजून रस्ता विचारला. मेलीला माझ्यापेक्षा जास्त शोभत होता.

मी जळफळत बसले होते, तेवढ्यात मिलिंद मागे येऊन उभा राहिला. माझ्या हातातून माउस घेऊन एकेक फोटो मोठा करून बघत राहिला.

"बघ, याला म्हणतात चॉइस," तो म्हणाला. "तू का नाही घेत गं असा एखादा कोट?"