केसांतले पट्टे

समुपदेशक हेमलताताईंनी शेवंताच्या मोकळ्या केसांतून फणी फिरवली. केसांत उतरलेलं औषध ती फणी वाचायची: गोळी घेतलेला दिवस तिच्या पडद्यावर निळा उमटायचा, चुकलेला पांढरा. नवऱ्याला एचआयव्ही, आणि तो स्वतःच्या औषधाला हात लावायला तयार नाही, म्हणून शेवंताला प्रतिबंधाची गोळी रोज घ्यायची होती. पडद्यावर मात्र निळा, पांढरा, निळा, पांढरा. सहा महिने अगदी तसंच.

"विसरणारं माणूस इतक्या नेमानं विसरत नाही," ताई म्हणाल्या. "गोळ्या कुणाबरोबर वाटून घेतेस?"

शेवंताने दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे बसलेली बाई आपणहून आत आली आणि अंबाडा सोडून खुर्चीवर टेकली. ताईंनी फणी फिरवली. पांढरा, निळा, पांढरा, निळा.

"ही रंजना, माझी सवत," शेवंता म्हणाली. "तिचं लगीन नोंदलेलं न्हाई, म्हणून तुमच्या गोळ्यांच्या यादीत तिचं नाव बसत न्हाई."

ताईंचा आवाज चढला. "अगं, अशा निम्म्या गोळ्यांनी दोघींपैकी एकीचाही बचाव होईल याचा भरवसा नाही!"

"मग तुम्हीच सांगा ताई," शेवंता शांतपणे म्हणाली, "रोजच्या रोज दोघींतल्या कुणी घ्यायच्या?"