जोडीतलं दुसरं चित्र

चित्रापुढे वाकलेल्या तोयोकोबाईंनी मान वर केली, तेव्हा त्यांचा चेहरा आंबट झाला होता. आपण निवडणुकीला उभं राहणार का, हे सांगायला मोरिवाकी गुरुजींनी त्यांना, इवासेला आणि ओनुकीला असं तिघांना चहाला बोलावलं होतं. उत्तर कोनाड्यात टांगलेलं होतं.

चित्र चीनमधल्या जुन्या गोष्टीचं. राजाने एका साधूला गादी देऊ केली. नुसतं ऐकूनच साधूला किळस आली आणि तो धबधब्यावर जाऊन कान धूत बसला.

गुरुजींनाही किळस आली होती. सभा, घोषणा, दारोदार हात जोडणं, छी! पण ओढ्याच्या उगमाशी शहराचा कचरा येऊन पडणार होता. त्याच ओढ्यावर तोयोकोबाईंचा साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, कारखाना, इवासेचं टोफूचं दुकान, ओनुकीची भातखाचरं. गावप्रमुखपदाला त्या कचऱ्याच्या ठेकेदाराचा माणूस उभा होता आणि त्याला पाडू शकतील असे एकटे गुरुजी. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. पण त्यांना स्वतःच्या सोवळेपणाचंच कौतुक. त्या कौतुकाचीच शिसारी यावी, इतकं.

चित्राबद्दल विचारायचा मान मुख्य पाहुण्याचा. तोयोकोबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "ही जोडी ना, गुरुजी? दुसरं कुठाय?"

"पेटीत." गुरुजी खुलले. "त्यात बैलवाला आहे. बैलाला पाणी पाजायला येतो, तर हा इथे कान धुतोय. असलं पाणी माझ्या बैलालाही नको म्हणतो आणि त्याला ओढत परत नेतो. काय ती किळस! पण माझं म्हणणं सांगायला हे एकच पुरे."

"म्हणजे नाहीच म्हणताय?"

"त्या घाणीत मी हात घालणार नाही, बाई. दुसरं कुणी बघा."

सकाळीच ओढ्यावरून आणलेल्या पाण्यात गुरुजींनी चहा घट्ट घोटला आणि वाडगा पुढे ठेवला. तिघांत एकच वाडगा. घोट घ्यायचा, पुढे द्यायचा. तोयोकोबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, रीतसर फिरवला आणि ओठांना न लावताच इवासेकडे दिला. इवासेने तो तसाच ओनुकीकडे दिला. ओनुकीने नाक मुरडून गुरुजींपुढे परत ठेवला. वाडगा भरलेलाच होता.

गुरुजींचा आवाज चिरकला. "चहा बिघडलाय का?"

"चहा झकास असेल हो," तोयोकोबाई उठत म्हणाल्या. "पण त्या पाण्यात तुम्ही कान धुतलेत."